तांबे नसलेली वायर

भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावात फायबर केबल आली, तेव्हा ग्रामपंचायतीतल्या पेटीला हार घातला गेला, नारळ फुटला आणि पेटीला कुलूप लागले. त्यानंतर तिने गावाला काहीही दिले नाही. मोबाइलची रेंज फक्त गिरणा नदीच्या पुलावर मिळे, तीही जेमतेम.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर एका संशोधन संस्थेने मला ऑनलाइन मुलाखतीला बोलावले. मग त्या पेटीसाठी मी तालुक्याला खेटे घातले, तंत्रज्ञाला गावात आणले. आदल्या संध्याकाळी पंचायतीच्या खोलीत बसून मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला. चित्र स्वच्छ होते.

मुलाखतीच्या सकाळी पेटीवर लाल दिवा लागला होता. केबल जमिनीतून जिथून गेली होती, त्या कडेने मी चालत निघाले. वडिलांच्या चुलतभावाच्या, नानांच्या, केळीच्या बागेपाशी ठिबकच्या पाइपासाठी नवी चारी खणलेली होती. केबल तिथे तुटली होती आणि तिचे तुकडे घडांच्या भाराने कललेल्या केळींना बांधले होते.

“नाना, ही तुम्ही कापली?”

“चारी खंदतांना निंघनी. कापीसन दखी, मझार तांबं नही. मरेल वायर शे ती.”

“तिच्यात तांबे नसतेच. काच असते. काचेतून प्रकाश जातो.”

त्यांनी हातातल्या तुकड्याचे टोक डोळ्याला लावले. “माले तं अंधारच दिसस.”

काकू गाठ आवळत म्हणाली, “वारामा घड पडतस, व पोरी. तुनी मुलाखत उद्या करजो.”

विहिरीवरच्या मोटारीची वायर जिवंत की मेलेली, हे तांब्यावरून ठरवण्यात या माणसाचे आयुष्य गेले होते. निष्कर्ष तर्कशुद्ध होता, गृहीतक कालबाह्य. यापलीकडे कोणतीही सवलत मी त्यांना तेव्हा दिली नाही, आजही देत नाही. कापण्यापूर्वी विचारता आले असते. पेटीसाठी मी किती खपले, हे साऱ्या गावाला ठाऊक होते.

स्कूटी काढून पूल गाठला आणि मोबाइलवरून मुलाखतीला जोडले गेले. आवाज पोहोचत होता. कॅमेरा सुरू केला की आवाजही तुटे. मी म्हणाले, केवळ आवाजावर घ्या, हवे ते विचारा. समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारले, “दुसरी काही सोय करता आली नाही का?” प्रवेशपत्र घरी विसरलेल्या मुलीशी बोलावे, तसा स्वर होता. उमेदवाराचा चेहरा दिसल्याशिवाय मुलाखत ग्राह्य नाही आणि जोडणी ही उमेदवाराची जबाबदारी, असे सांगून त्यांनी पुढच्या नावाला हाक मारली. एवढे मात्र मला स्पष्ट ऐकू आले.

लेखी तक्रारीला कॅमेरा लागत नाही. पुलावरूनच मी ती केबलच्या कार्यालयाला पाठवली. केबल कोणी कापली, कोणत्या शेतात, तुकडे कशाला बांधले आहेत, सारे नावानिशी लिहिले.

सायंकाळी वडील ओसरीवर वाट पाहत होते. केबलचा माणूस शेतात पोहोचल्यावर नाना घरी येऊन गेले होते.

“घरना माणूसनं नाव कोनी लिखस का?”

“मी कोणाच्या घरची?” मी विचारले.

ते उठून आत गेले. मी जळगावला खोली शोधायला लागले.