डोंगरगाडीचे पाय

आमच्या डोंगरगाडीला, म्हणजे जत्रेतल्या रोलर कोस्टरला, स्वतःचे पाय नव्हते. नागपूरकडचं एक करमणुकीचं पार्क बंद पडलं, तेव्हा आमच्या मालकांनी, हरिदासभाऊंनी, ती तिथून उचलली. रूळ आले, साखळी आली, पाच डबे आले, पुढच्या डब्याला ड्रॅगनचं मुंडकं आलं. खांब मात्र तिथल्या सिमेंटात गाडलेले होते, ते बुडाशी कापून आणावे लागले. मूल गावच्या पेंटरनं त्या मुंडक्याला इतक्यांदा रंग दिलाय की आता ते मांजरासारखं दिसतं. तरी पोरं किंचाळतात, हे आमचं नशीब.

गाडीला पाय दिले ते दादाजी फिटरनं. आलापल्लीच्या डेपोतून पक्का वाळलेला साग आणून त्यानं चाळीस गुटके, म्हणजे ठोकळे, पाडले, एकेका खांबाखाली एक. धान निघालेल्या बांधीत असो की वैनगंगेच्या काठी, जत्रा जिथं तिथं गाडी या गुटक्यांवर उभी राहायची. बावीस वर्षं मी तिच्या माइकवर आहे. घसा माझा दर जत्रेला बसला, गाडी कधी बसली नाही.

दादाजी गुटके बसवायचा आणि त्याची बायको धुरपताबाई उचलून द्यायची. त्याचा नेम कडक होता. आधी डब्यांत धानाची पोती भरून तीन फेऱ्या. मग ज्यानं गुटके लावले त्यानं पुढच्या डब्यात बसून एक फेरी मारायची. मगच लोक बसणार. पावसाळ्यात लोखंड हरिदासभाऊंच्या आवारात गंजत पडे, पण गुटके तो आपल्या घरी माळ्यावर ठेवी. ओल लागेल म्हणून दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता.

मागच्या पावसाळ्यात दादाजी गेला. चार दिवस झड लागलेली, नाल्याला पूर, रस्ता बंद. गावात कोरडी काडी मिळेना. सरण दोनदा पेटवलं आणि दोनदा विझलं. तेव्हा धुरपताबाई घरी गेली आणि तिनं माळ्यावरचे अकरा गुटके काढून आणले. साग पेटला, दादाजी मार्गी लागला. पुढं तिनं गुपचूप सावरीच्या लाकडाचे तेवढ्याच मापाचे अकरा गुटके पाडून घेतले आणि त्यांना तोच लाल रंग फासला. सावर म्हणजे माचीसच्या काडीचं लाकूड. हे सगळं मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, कारण जत्रेच्या दिवशी मी तिच्याकडे बघत होतो आणि मला काहीच दिसलं नाही.

शिवरात्रीच्या जत्रेत या वर्षी गुटके तिनंच लावले. ते अकरा तिनं कुणाला उचलू दिले नाहीत. वजनावरूनच कळलं असतं. मोडणावर, जिथं गाडी खाली येऊन वळते, तिथं खांब दाटीनं आहेत. भार वाटला जाईल या हिशेबानं तिनं ते तिथं घातले. ही तिची अक्कल.

पोत्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. मग ती पुढच्या डब्यात बसली. हरिदासभाऊ तिला म्हणत होते की बाई, यंदा राहू द्या, तुमचं वय झालं. ती ऐकेना. साखळीनं गाडी कटकट करत वर ओढली. वर गेल्यावर मला तिचा पांढरा पदर तेवढा दिसत होता. मग गाडी सुटली, मोडणावर आली, खांब करकरले आणि गाडी वळून समोर येऊन थांबली. काही झालं नाही. मी माइकवर दादाजीचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि डबे भरायला लागले. तिसऱ्या डब्यात माझी लेक खुशबू बसली, मांडीवर तिची पोरगी.

गाडी टिकली होती. धुरपताबाईनं तिथून सरळ घरी जायचं होतं, जन्मभर कुणाला पत्ता लागला नसता. पण ती मोडणाकडे गेली. दादाजी फेरीनंतर गुटक्यांवर हात फिरवायचा, तसा तिनं वाकून फिरवला. एका गुटक्यापाशी हात थांबला. हरिदासभाऊंचा हात मोटारीच्या खटक्यावर होता. बाई धावत आली, माझ्या अगदी जवळ आली. माइक चालूच होता.

"अश्विन, गाडी सोडू देऊ नको. अकरा गुटके सागाचे नाईत. सावरीचे हायेत. एक फुटून राह्यला."

भोंग्यातून हे साऱ्या जत्रेनं ऐकलं. हरिदासभाऊंनी चटका बसल्यासारखा खटक्यावरचा हात काढला. लोक डब्यांतून उतरले, काही उड्या मारून. मी खुशबूच्या हातातून नात ओढून घेतली, ती रडायला लागली तरी खाली ठेवली नाही. मला धुरपताबाईचा राग आला. आजही येतो.

हरिदासभाऊंनी मोडणावर जाऊन चाकूनं रंग खरवडला. आत पांढरं, भुसभुशीत लाकूड. बोट जाईल एवढी चीर पडली होती. लोक नाही नाही ते बोलत होते. धुरपताबाई मान खाली घालून उभी राहिली आणि तिनं झडीच्या दिवसांचं सगळं सांगितलं, एका दमात. हरिदासभाऊ धानाच्या पोत्यावर बसले. गाडी त्या जत्रेत चालणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. म्हणाले, "मले मांगतले असते तं चाळीसई देले असते, बाई. काऊन नाई मांगतले?"

धुरपताबाईनं फुटक्या गुटक्यावर हात ठेवला.

"तुमी देले असते, भाऊ. पण त्यानं सरणाले गाडीचे पाय घेतले नसते."