पेटी थंड आहे का, बाई?

डॉ. शामराव हरडे यांची नि माझी पहिली भेट बालाघाटच्या जनावरांच्या दवाखान्यात झाली. नवं मध्यप्रदेश राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी कंपाउंडर म्हणून रुजू झालो होतो. दोन मुलांचा बाप होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. डॉक्टरसाहेबांनी कागदांआधी माझी नखं पाहिली आणि मला हात धुवायला पाठवलं. त्याच दुपारी एका बड्या असामीचा माणूस बैल धडधाकट असल्याचा दाखला मागायला आला. बैल घरीच होता. साहेब म्हणाले, "बैलाला घेऊन या. दाखला त्याचा लिहायचा आहे, तुमच्या मालकांचा नाही." माणूस तणतणत गेला.

जनावर पाहिल्याशिवाय सही नाही, हा नियम साहेबांना कुणी घालून दिला नव्हता. जनावरांच्या डॉक्टरांची नोंदणी व्हावी, चुकणाऱ्याला जाब विचारणारं मंडळ असावं, असं आता बोललं जातं. तेव्हा आमच्याकडे त्यांना विचारणारं कुणीच नव्हतं. म्हणूनच साहेबांच्या पन्नाशीनिमित्त कटंगीकडच्या एका गावाची हकिगत सांगतो. ती मी आजवर घरीसुद्धा सांगितलेली नाही.

बुळकांडीची, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीची लस बर्फात न्यावी लागे. बर्फ वितळला की लस मरते, आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते. एका वर्षी ऐन वैशाखात मी पेटी घेऊन बसने निघालो. साहेब दुसऱ्या गावाहून जीपने येणार होते. पेटीतलं पाणी ठिबकून एका प्रवाशाचं धोतर भिजलं, त्याने आरडाओरडा केला, म्हणून मी पेटी बसच्या टपावर चढवली. ती गावापर्यंत उन्हात तापत आली.

गावात भागरताबाई म्हणून एक विधवा होत्या. त्यांच्या ओट्यावर मी पेटी ठेवली आणि पाणी मागितलं. बाईंनी पेटीला हात लावला. "बाबू, हे तं तापली हाय."

"तुमचं काम करा, बाई," मी म्हणालो.

त्या गोठ्यांपाशी जाऊन लोकांना म्हणाल्या, "यानं जनावरं वाचत नाही, पाहा." कुणी ऐकलं नाही. साहेब आले. "बर्फ आहे ना?" त्यांनी विचारलं. मी "आहे" म्हणालो. संध्याकाळपर्यंत आम्ही गावातलं प्रत्येक जनावर टोचलं आणि खूण म्हणून प्रत्येकाच्या कानाला छिद्र पाडलं.

महिन्याभराने त्या गावची जनावरं मरत असल्याचा निरोप आला. आम्ही भरदुपारी पोचलो. गावात हंबरणं नव्हतं, कुत्रंही भुंकलं नाही. शिवेवरच्या मोहाच्या झाडाला मेलेल्या जनावरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा टांगल्या होत्या. त्या घरात ठेवायला कुणी धजत नव्हतं. पान हलत नव्हतं, तरी त्यातली एखादी मधूनच टक् करून वाजे. मी चालायचा थांबलो की ती थांबे. ते कसं, हे मला आजही उमगलेलं नाही. झाडाखाली गाई पडल्या होत्या, आणि माझी नजर जाई तिथे आमचंच छिद्र असलेला कान वर दिसे.

पाटील सामोरे आले. "साहेब, तुमी टोचलं होतं ना? मंग रोग कसा होईन? हे त्या टोनहीचं काम हाय. तिनं आधीच सांगतलं होतं. तुमी फक्त लिहून द्या का रोगानं नाही मेले. आजच तिचा निकाल लावतो."

भागरताबाईंना टोनही, म्हणजे चेटकीण ठरवून रिकाम्या गोठ्यात कोंडलं होतं. दाराशी कुऱ्हाडी घेऊन माणसं बसली होती. साहेबांच्या एका सहीने त्यांचा जीव जाणार होता आणि आमची अब्रू राहणार होती. मला सांगायला लाज वाटते, पण साहेबांनी सही करावी असं मला वाटत होतं.

साहेबांनी आधी एकेक जनावर पाहिलं, तोंडातले फोड पाहिले. मग गोठा उघडवला आणि खाली बसून विचारलं, "बाई, जनावरं मरतील हे तुम्हांला कसं कळलं?"

"पेटी तापली होती जी. मी हात लावला होता."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं असावं. ते उठले.

"पाटील, हा रोगच आहे. बुळकांडी. आम्ही टोचलेली लस मेलेली होती. पेटी उघडून पाहणं माझं काम होतं, मी पाहिली नाही. या बाईंनी हात लावला, मी लावला नाही. काय करायचं ते मला करा."

मोहावरची घंटा एकदा वाजली. मग पाटलांनीच कुऱ्हाडीवाल्यांना घरी जायला सांगितलं.

साहेबांनी तेच नोंदवहीत लिहिलं, खाली सही केली आणि नक्कल वर पाठवली. त्यांची बढती गेली, बैहरच्या जंगलात बदली झाली. मी बालाघाटातच राहिलो. जाताना ते एवढंच म्हणाले, "पेटी आता मांडीवर घेऊन बसत जा. धोतरं भिजू दे."

पुढे साहेब जिल्ह्यात परतले. त्या गावाची टोचणी असली की ते पेटी पहिल्यांदा भागरताबाईंच्या हातात देतात. "पेटी थंड आहे का, बाई?" बाई तळवा टेकवतात. तेवढा वेळ सगळा गाव, आणि मीही, त्यांच्या तळव्याकडे पाहत असतो. त्या "हौ" म्हणाल्या की सुई बाहेर निघते.

त्या नोंदीत चुकणाऱ्यांची नावं अपुरी आहेत. साहेबांच्या सहीखाली माझं नाव लिहिलं जावं, एवढ्यासाठी हा लेख. साहेब रागावतील, खुशाल रागावावं. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि भागरताबाईंनाही लाभो, कारण येत्या वैशाखात पेटी मी नेणार आहे.