यंत्रावरची पाटी

बाई गेल्यावर कारखान्यात शोकसभा झाली. "तुम्ही इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर होतात, दोन शब्द बोला," असं मालक म्हणाले तेव्हा स्टोअर सांभाळणारे भाऊ उभे राहिले, घसा खाकरला आणि तसेच खाली बसले. लोकांना वाटलं, गहिवरून आलं असेल. खरं म्हणजे त्यांना बाईंबद्दल फारसं ठाऊकच नव्हतं. बाई हिशेब लिहायच्या, डबा एकट्या खायच्या आणि संध्याकाळी कपाटाचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघायच्या. कामगार पाठीमागे त्यांना 'कुलूपबाई' म्हणत. घरी अंथरुणाला खिळलेली बहीण होती, एवढं कानावर होतं. बाकी भाऊंनी बाईंबरोबर काढलेला असा एकच दिवस, आणि त्यातलं मुख्य ते बोलायचं नाही असं बाईंनीच बजावलेलं. आता ती बहीणही राहिली नाही, म्हणून सांगायला हरकत नाही.

पुठ्ठ्याची खोकी करणारा तो कारखाना एका मोठ्या यंत्रावर चालायचा. यंत्र मुदत कर्जावर घेतलेलं. बँकेने त्याच्या कपाळावरच पत्र्याची पाटी बसवली होती : 'हे यंत्र बँकेकडे तारण आहे.' हप्ता कधी चुकला नाही. बुडाली ती बँकच. तिथे प्रशासक येऊन बसला आणि काही दिवसांनी कळवलं की उरलेली कर्जं एका वसुली कंपनीला घाऊक विकली जातील. ज्यांना स्वतःचं कर्ज मिटवायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत सगळी रक्कम एकदम भरावी. त्याच वसुली कंपनीने मागच्या गल्लीतल्या छापखान्याची यंत्रं भंगारात काढलेली सगळ्यांनी पाहिली होती. यंत्र गेलं की कारखाना गेला, हे झाडूवालीलाही कळत होतं. मालकांनी टेम्पो विकला, दुसऱ्या बँकेत होतं नव्हतं ते काढलं आणि ड्राफ्ट करून बाईंच्या हातात ठेवला. तो दिवस शुक्रवारच होता.

"भाऊ, तुम्ही येता का बरोबर?" बाईंनी विचारलं. तोवर त्यांनी भाऊंकडे कधी पेनसुद्धा मागितलं नव्हतं.

बसमध्ये बाई पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या.

"ड्राफ्ट ठेवून घेतला आणि यंत्रावरचा बोजा उतरवल्याचं पत्र दिलंच नाही तर?"

"देतील हो."

"बुडालेली बँक, भाऊ. सही करायला तरी कोणी उरलंय का तिथे?"

धीर देणं भाऊंना कधी जमलं नाही. "बघू," ते म्हणाले.

बँकेचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर फुटपाथभर ठेवीदारांची रांग. हातांना ग्रीस लागलेला एक गॅरेजवाला बाईंना बघून म्हणाला, "आज उशीर केलात, बाई? तुमची जागा धरून ठेवली होती, शेवटी सोडावी लागली."

भाऊंनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा उतरला होता.

"तुमचेही पैसे इथेच अडकलेत?"

"ताईच्या औषधपाण्याचे. हप्त्याच्या कामाला इथे यायचेच, म्हटलं आपलेही इथेच ठेवावेत." मग खालच्या आवाजात, "ऑफिसात बोलू नका हं. मालक उगीच मनाला लावून घेतील."

रांगेतल्या एका आजींनी भाऊंना विचारलं, "तुमचे किती अडकले रे बाबा?"

"आमचे... म्हणजे आम्ही भरायला आलोय. कर्ज फेडायचंय."

रांगेत हशा पिकला.

"अरे सोडा त्यांना पुढे! इथे कोणीतरी पैसे आत नेतंय!"

"जपून न्या हो, वाटेत बुडतील!"

लोकांनी खरंच वाट करून दिली. आतल्या अधिकाऱ्याने ड्राफ्ट पाहिला, करार उलटापालटा केला आणि म्हणाला, "मुदतीआधी फेडताय. करारात दोन टक्के दंड आहे. तेवढी रक्कम कमी पडतेय."

बाईंनी करार स्वतःकडे ओढून ते कलम वाचलं. दंडाचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. "पण तुम्हीच तर कळवलंत..." एवढंच त्या म्हणाल्या. भाऊंनी खिशातलं पाकीट काढलं आणि तसंच परत ठेवलं. त्यात बसभाडं होतं.

तेवढ्यात शटरखालून वाकून गॅरेजवाला ओरडला, "ओ साहेब! तुमची बँक मुदतीआधी बुडाली, तिचा दंड भरलात का आधी?"

सगळी रांग हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. अधिकारी कागद घेऊन आत प्रशासकाकडे गेला. बराच वेळ आलाच नाही. बाई दाराकडे टक लावून बसल्या होत्या, आणि भाऊंच्या डोळ्यांसमोर छापखान्यातून ओढत नेलेली यंत्रं येत होती.

"दंड माफ," बाहेर येऊन अधिकारी तोंड वाकडं करून म्हणाला.

पत्र मिळालं. बाईंनी त्यावरचा यंत्राचा नंबर पुन्हा पुन्हा वाचला, भाऊंकडून मोठ्याने वाचून घेतला, तेव्हा कुठे पर्स बंद केली. निघताना गॅरेजवाल्याने विचारलं, "उद्याचा नंबर लावू का तुमचा?"

"लावा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रांगेतच बाई मटकन खाली बसल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, कारखान्याच्याच कामाला बँकेत गेल्या असतील. भाऊ गप्प राहिले.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी, बँकेतून कारखान्यात परतल्यावर, भाऊंनी स्टोअरमधून पेचकस आणला आणि शिडीवर चढून यंत्रावरची पाटी काढली. पाटीखालचा रंग अजून नव्यासारखा होता. बाई खाली शिडी धरून उभ्या होत्या.

"स्क्रू टाकून देऊ नका हं, भाऊ."

"नाही. डबीत ठेवतो."