पोटावरची होडी

लतिका बोंदरेला कुठलीही गोष्ट सावकाश करता येत नसे. सेक्टर चारमधल्या बायका म्हणत, तिच्या क्वार्टरसमोरून गेलं तरी वारा लागतो. पोळ्या लाटता लाटता ती ताराकडून पाढे म्हणून घेई, पायानं शामचा चेंडू अडवी, आणि त्याच वेळी खिडकीतून शेजारणीला लोणच्याची कृती सांगे. आर्वीला माहेरी तिला फटाकडी म्हणत. लग्न होऊन भिलाईला आली, दोन लेकरं झाली, तरी त्या नावाला तिनं बट्टा लागू दिला नव्हता.

नवरा श्रीधर प्लांटात रोलिंग मिलमध्ये होता. नाईट शिफ्टचा आठवडा आला की घरात रोज दुपारी तोच तमाशा. श्रीधर आतल्या खोलीत झोपलेला. सात वर्षांची तारा आणि पाच वर्षांचा शामसुंदर बाहेर भांडत. लतिका त्यांना गप्प करायला ओरडे, आणि लेकरांच्या भांडणानं न उठलेला श्रीधर तिच्या ओरडण्यानं उठे. मग तो ओरडे, शाम रडे, आणि तारा कानावर हात ठेवून पलंगाखाली जाऊन बसे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात श्रीधरचा मिलमधला जोडीदार केवलराम त्याला दुर्गच्या एका धर्मशाळेत ध्यानाच्या शिबिराला घेऊन गेला. दहा दिवस बोलायचं नाही, नुसतं बसून आपला श्वास पाहायचा. लतिकाला हसू आवरेना. दहा दिवस न बोलता राहायचं म्हटलं तर आपली शिट्टीच उडेल, असं तिनं शेजारीपाजारी सांगून टाकलं.

श्रीधर परत आला तो थोडा वाळलेला आणि पुष्कळ हसरा. दुसऱ्याच दिवशी शामनं दुधाचं पातेलं लवंडलं. लतिका नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. श्रीधरनं एक श्वास घेतला, फडकं आणलं, आणि शामला म्हणाला, "ये, दोघं मिळून पुसू." शाम इतका चकित झाला की रडायचंच विसरला. लतिकाच्या अंगावर काटा आला. हे जे काही आहे ते आपल्याही घरात हवं, चौघांनाही हवं, आणि आजच्या आज हवं, असं तिला वाटलं.

रविवारी सकाळी चौघं सतरंजीवर मांडी घालून बसले. श्रीधरनं सांगितलं, डोळे मिटा, नाकातून येणारा जाणारा श्वास पाहा. शामनं एक डोळा उघडला. तारानं तक्रार केली, की हा बघून राहिला. तिला हे कसं कळलं, असं श्रीधरनं विचारताच दोघं खो खो हसत सुटली. तेवढ्यात लतिकाला भिजवलेली डाळ आठवली आणि ती उठली. श्रीधरनं दोनदा नव्या शांतपणानं समजावलं, तिसऱ्यांदा त्याचा जुना आवाज बाहेर पडला. पुढचा रविवारही तसाच गेला, आणि मग श्रीधर एकटाच पहाटे मागच्या अंगणात बसू लागला.

पण हाती घेतलेलं काम अर्धवट सोडणं लतिकाच्या रक्तात नव्हतं. ती दिवसभर त्याच विचारात. लेकरांनी श्वास पाहायचा तर त्यांना तो दिसला पाहिजे. दिसत नाही त्याच्याकडे लेकरं किती वेळ बघणार?

जुलैतल्या एका दुपारी बाहेर पावसाची झड लागली होती. शाम सतरंजीवर उताणा पडला होता आणि तारानं केलेली कागदाची होडी त्यानं सहज पोटावर ठेवली होती. लतिका कपड्यांची बादली घेऊन जात होती, ती थबकली. होडी वर जात होती, खाली येत होती. शाम मान उचलून होडीकडे टक लावून बघत होता, तोंड उघडं, अगदी चिडीचूप. एवढा वेळ हे पोर झोपेतसुद्धा गप्प नसे.

बादली तिथंच टाकून लतिका आतल्या खोलीत धावली. नाईट करून आलेला श्रीधर नुकता कुठं झोपला होता. तिनं त्याला गदागदा हलवलं.

"अहो, उठा न. शामले त्याचा श्वास दिसून राहिला."

श्रीधर डोळे चोळत आला, दारात उभा राहिला, आणि तोही लेकाच्या शेजारी आडवा झाला. तारानं धावत जाऊन वहीचं पान फाडलं.

त्या दिवसापासून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की बोंदऱ्यांच्या घरात चार होड्या तरंगू लागल्या. लतिकाच्या डोक्यातून रोज नवं काही निघे. माहेरून आलेली काशाची थाळी तिनं दोरीला टांगली. तिच्यावर लाटण्याचा एक ठोका द्यायचा, डोळे मिटून नाद ऐकायचा, आणि तो पार विरला असं वाटलं की हात वर करायचा. ताराचा हात सगळ्यांत शेवटी वर जाई. मग जांभळांचा खेळ निघाला. एकच जांभूळ घ्यायचं, आधी बघायचं, हुंगायचं, मग जिभेवर ठेवायचं आणि बी हाती येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. शामनं पहिलं जांभूळ बीसकट गिळलं आणि दुसरं मागितलं. महिन्याभरात मात्र तो एका जांभळाला इतका वेळ लावू लागला की लतिकाचाच जीव वरखाली होई.

चौघांत सगळ्यांत कच्ची तीच होती. तिचं पोट गदगदे, होडी घसरून जमिनीवर पडे. "मम्मी की नाव डूब गई," असं म्हणत लेकरं टाळ्या पिटत. ती पुन्हा होडी ठेवी.

एकदा तारा शाळेतून आली ती दप्तर फेकूनच. मैत्रिणीशी काही तरी बिनसलं होतं. लतिका काय झालं म्हणून मागे लागली, तर पोरीनं स्वतःच होडी घेतली, जमिनीवर आडवी झाली आणि हात वर करून आईला थांबवलं.

"थोडी रुक आई. आत्ता तूफान आहे."

लतिका रुकली. होडी आधी जोरात हेलकावत होती, मग हळूहळू सावकाश वरखाली होऊ लागली, आणि तारा उठून आपण होऊन सगळं सांगू लागली. लतिकाला आनंद पोटात मावेना. पोरीचं बोलणं संपेपर्यंत तिनं कसाबसा धीर धरला आणि मग चपला न घालताच शेजारी सांगायला पळाली.

ऑगस्ट संपता संपता गणपतीच्या कार्यक्रमांची जमवाजमव सुरू झाली. मराठी मंडळाचे सेक्रेटरी श्यामराव उमरेडकर, मोठे भले गृहस्थ, पण शिस्तीचे. लतिकानं त्यांना सांगितलं, की मुलांचा एक कार्यक्रम आहे, मुलं स्टेजवर शांत पडून राहतील. श्यामरावांनी चष्मा काढून पुसला. वहिनी, स्टेजवर काही करावं लागते, पडून तर घरीही राहता येते, असं त्यांनी गोडीत समजावलं आणि एखादा कोळी नाच बसवायचं सुचवलं. लतिका दुसऱ्या दिवशी परत गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. शेवटी त्यांनी फॅन्सी ड्रेस आणि ऑर्केस्ट्रा यांच्यामधली जागा देऊन टाकली, म्हणजे मंडपात सगळ्यांत जास्त गलका असायची वेळ. लतिकाला ती जागा सोन्यासारखी वाटली. ब्लॉकमधली आणखी चार-सहा लेकरं गोळा करून तिनं तालमी सुरू केल्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मंडप खचाखच भरला होता. मागे ऑर्केस्ट्रावाले पेट्या ओढत होते, समोर वाघ आणि भाजीवाली झालेली मुलं एकमेकांचे रंग पुसत होती. पलीकडच्या सेक्टरातून दुसऱ्याच गणपतीच्या लाउडस्पीकरचा आवाज येत होता. लतिका माईकजवळ गेली. चार वाक्यं पाठ केली होती. त्यांतलं एकही आठवेना. जन्मात पहिल्यांदा फटाकडीची वाचा बसली.

लेकरं ठरल्याप्रमाणे ओळीनं आडवी झाली, पोटावर होड्या ठेवल्या. मंडपात हशा उसळला. कुणी तरी मागून विचारलं, की हे काय दवाखान्याचं नाटक आहे काय. शाम दचकला. त्याची होडी कलंडली, ओठ थरथरायला लागले. आता हा रडणार, हे लतिकाला दिसलं.

तिनं माईक सोडला, पदर कमरेला खोचला आणि सगळ्या मंडळासमोर, स्टेजवर, शामच्या शेजारी आडवी झाली. हशा दुप्पट झाला. तिनं शामची होडी नीट ठेवली, दुसरी स्वतःच्या पोटावर ठेवली. छाती धडधडत होती, होडी नुसती नाचत होती. "पाय," आपल्या होडीकडे बोट दाखवत ती त्याला हळूच म्हणाली, "माही कशी हालून राहिली." शामनं बघितलं आणि त्याचे ओठ थांबले.

तेवढ्यात स्टेजच्या फळ्या कुरकुरल्या. शिफ्ट संपवून तसाच आलेला श्रीधर प्लांटाच्या जड बुटांसकट वर चढला होता. तो पलीकडून ताराशेजारी आडवा झाला आणि खिशातल्या कागदाची होडी करून त्यानं पोटावर ठेवली. मग लोक हसेनात. एक अख्खं घर पाठीवर पडलं होतं, शेजारची लेकरं पडली होती, आणि सगळ्या होड्या वरखाली होत होत्या. पुढच्या ओळीतल्या कुणी तरी मागच्यांना चूप केलं. बघता बघता मंडपात अशी शांतता झाली की पलीकडचा लाउडस्पीकर दूर कुठं तरी वाजतोय असं वाटू लागलं. लतिकाची होडी पडली नाही.

तारा उठली, घरून आणून टांगलेल्या काशाच्या थाळीला तिनं ठोका दिला आणि माईकमधून म्हणाली, "आवाज खतम झाला वाटला की हात वर करा." नाद लांबत गेला. एक हात वर गेला, दहा गेले, मग सारा मंडप हातांनी भरून गेला. सगळ्यांत शेवटी हात वर गेला तो श्यामराव उमरेडकरांचा, आणि त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

टाळ्या थांबेनात. लतिका उठून बसली तेव्हा केस विस्कटलेले, पदराला स्टेजची धूळ. घरी जाताना स्कूटरवर चौघंही एकाच वेळी बोलत होती आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं न ठेवलं तोच दार वाजलं. ब्लॉकमधल्या तिघी जणी लेकरांना घेऊन आल्या होत्या. त्यांच्या मागे कोहक्याहून भाजी घेऊन येणारी गयाबाई टोपलीसह उभी होती, पदराआड नात. या नोनीलाही शिकवा, फार रागीट आहे, असं तिचं म्हणणं पडलं. मग आणखी दोन आल्या. वऱ्हांड्यात पाय ठेवायला जागा उरली नाही.

हा सकाळचा वर्ग पुढं तारा कॉलेजात जाईपर्यंत चालला. त्या दिवशी मात्र लतिकाला इतकंच सुचलं, की एवढ्या लेकरांना आडवं व्हायचं तर बैठकीतला लाकडी तखत आत्ताच्या आत्ता बाहेर काढला पाहिजे. तिनं गॅस बंद केला, श्रीधरला हाक मारली आणि एक टोक स्वतःच उचललं.