रिकाम्या बसची पहिली सीट

"बस रिकामीच धावणार असेल, तर सोमवारपासून ती दुसऱ्या रूटला टाकू," बॉस फोनवर म्हणाले. मी विक्रोळी स्टेशनबाहेर उभी होते आणि आमची नवीकोरी मिनी बस माझ्या डोळ्यांदेखत रिकामीच निघाली होती.

माझं काम बसचे रूट आखण्याचं. ही होती फीडर बस, म्हणजे स्टेशनपासून थेट वस्तीत सोडणारी. वस्ती टेकडीवर. शेअर रिक्षा पायथ्याशीच उतरवतात, पुढचा चढ पायी. या बससाठी आमच्या ऑफिसात खेटे घातले ते वस्तीतल्या सावंतकाकूंनी. त्यांचे गुडघे पार कामातून गेलेत. आणि त्याच काकू, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, रिक्षाच्या लायनीत उभ्या!

माझं डोकंच फिरलं. "काकू, बस तुमच्यासाठी आणली ना? मग चढत का नाही?"

"रिकाम्या गाडयेत कोण बसतला गो? भरल्याशिवाय ती सुटाची नाय."

"अहो, आत्ताच सुटली ना तुमच्यासमोर!"

"ती घेवन ड्रायव्हर चाय पिऊक गेलो आसतलो."

मला रागही आला आणि हसूही. पण त्यांचं तरी काय चुकलं? शेअर रिक्षा भरली की सुटते, म्हणून इथला माणूस आधी आतली डोकी बघतो. आम्ही खांबावर टाइमटेबल लावून मोकळे झालो होतो.

मी बॉसना परत फोन लावून म्हटलं, "सर, बस एक स्टॉप मागून, मार्केटपासून सोडू. तिथे रिक्षा स्टँड नाही. लोक मिळेल त्या बसला चढतात. स्टेशनला येईल ती माणसं घेऊनच."

"एक दिवस देतो. उद्या मी स्वतः बघायला येतो."

दुसऱ्या दिवशी बस आली ती भाजीच्या पिशव्या आणि मोठमोठ्याने चाललेल्या गप्पांसकट. रिक्षाची लाइन फुटली. सगळ्यात पुढे काकू! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वेळ झाली तशी ड्रायव्हरने बस सुरू केली.

काकू ओरडल्या, "अरे थांब मरे! एक सीट रिकामी आसा!"

माझ्या शेजारी उभे असलेले बॉस निमूटपणे चढले आणि त्या सीटवर बसले.

काकू घराच्या दारात उतरल्या, पिशव्या घेऊन, जराही दम न लागता. रूट आजही चालू आहे. आता नवा रूट आखताना मी आधी पहिली पाच माणसं कुठे चढतील ते शोधते. नकाशा नंतर उघडते.