कागदांच्या यादीचं पान

एका सोमवारी माझी पत्नी वारली. वाशीमच्या आमच्या कॉलेजात ती ग्रंथपाल होती, आणि वेबसाइटवरचं प्रवेशाला लागणाऱ्या कागदांच्या यादीचं पान तिनं लिहिलं होतं.

पुढच्या महिन्यात नवी वेबसाइट तपासायच्या समितीवर मला नेमलं. तिचं पान त्यात नव्हतं. ते मी मागितलं नाही. मागितलं असतं तर सगळ्यांनी पानाची गरज न पाहता, माझं दुःख समजून मान्य केलं असतं.

प्रवेशाच्या खिडकीवरचे बाबूही समितीत होते. चष्मा कायम कपाळावर. खिडकीशी येईल त्याला आधी "बसा" म्हणायचे; तिथे खुर्ची नव्हती, तरी म्हणायचे.

बैठकीत नव्या वेबसाइटवरचे सरकते फोटो पाहून प्राचार्य खूश झाले. बाबू उठले आणि मानोऱ्याकडच्या तांड्यावरून मुलीच्या प्रवेशासाठी आलेल्या एका बाईंना आत घेऊन आले. नवी वेबसाइट उघडून स्वतःचा फोन त्यांच्या हातात दिला.

"बाई, कागदं कोनते आनाचे, ते यात पाहून सांगा बरं."

बाईंनी बराच वेळ बोट फिरवलं. "फोटोच फोटो हायेत भाऊ. कोनाच्या लग्नाचे हायेत?"

बाबू प्राचार्यांकडे वळले. "साहेब, दिसाले मस्त हाय, कामाची नाई. मॅडमचं पान काहून काढलं? ते वापस टाका."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

पान परत आलं. तिचं नाव त्यावर कधीच नव्हतं. यादीखाली तिचं वाक्य आहे: 'एखादा कागद नसेल तर परत जाऊ नका, खिडकीवर विचारा.'