बोलका आठवडा, मुका आठवडा

चाळिशी ओलांडल्यावर कॉलेजात जायचं खूळ डोक्यात कसं शिरलं, असं कुणी विचारलं, की चष्म्याच्या दुकानातल्या ताई एका पोरगेल्या बाईकडे बोट दाखवत. ती फ्रेम बनवणाऱ्या एका कंपनीकडून आली होती. एका दुपारी तिनं काउंटरवर लॅपटॉप उघडला आणि गिऱ्हाईक कसं हाताळावं यावर तासभर बोलली. ताई त्याच काउंटरमागे एकोणीस वर्षं उभ्या होत्या. त्यांनी सगळं निमूट ऐकलं, तिला चहा पाजला, दारापर्यंत सोडलं आणि आत येऊन मालकांना म्हणाल्या, "ही जे सांगून गेली, ते मी रोज करते. फक्त तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला नाव आहे. माझ्याकडे नाही."

मालक एका काचेचा नंबर तपासत होते. मान वर न करता ते म्हणाले, "मग शिकून घ्या नावं."

ते बोलले सहज, पण ताईंनी ते मनावर घेतलं.

दुकानापासून दोन रस्ते सोडून एक कॉलेज होतं. तिथे व्यवस्थापन आणि मार्केटिंगची तीन वर्षांची पदवी सकाळच्या वर्गांत करता येत असे. वर्ग सात ते साडेदहा, दुकान उघडायचं अकराला. ताईंनी अर्ज आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्यांचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी तसा त्यानं तो अर्ज वाचला.

"आणि सकाळचा डबा?"

"तुम्ही करा."

"मला कुठे येतो स्वयंपाक?"

"मला तरी कुठे येतं व्यवस्थापन? दोघंही शिकू."

नवरा हसला आणि तिथेच विषय मिटला. पहिले दोन महिने त्याच्या भाज्या एकतर करपलेल्या, नाहीतर कच्च्या. पण तक्रार करायला तोंड कुणाला होतं?

पहिल्या दिवशी ताई वर्गात शिरल्या, तर सगळी मुलं ताडकन उभी राहिली. "अरे, बसा बसा," म्हणत ताई तिसऱ्या बाकावर जाऊन बसल्या, तेव्हा कुठे मुलांच्या डोक्यात प्रकाश पडला. शेजारच्या मुलीला हसू आवरेना. ती इतक्या बारीक आवाजात बोलायची, की पुढे वर्गानं तिचं नाव चिमणी ठेवलं. ताईंना 'काकू' म्हणायला तिनंच सुरुवात केली, आणि आठवड्याभरात साऱ्या कॉलेजच्या त्या काकू झाल्या.

पहिल्या परीक्षेत काकूंना पन्नासपैकी सतरा गुण पडले. बाजारपेठेचे गट कसे पाडतात, या प्रश्नावर त्यांनी अडीच पानं लिहिली होती: शिक्षक येतात ते दोन वर्षांनी तीच फ्रेम मागतात, नुकतं लग्न ठरलेल्या मुली आईला घेऊन येतात, गाडी चालवणाऱ्यांना नाकावर वळ नको असतो. मार्केटिंगच्या मॅडमनी खाली लाल शाईत लिहिलं होतं, "वाचायला मजा आली. व्याख्या कुठे आहे?"

ताई दोन दिवस फुरंगटून होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी व्याख्या पाठ करायला घेतल्या. भाजी चिरणाऱ्या नवऱ्यासमोर उभं राहून त्या म्हणून दाखवायच्या आणि तो पुस्तक समोर धरून चुका काढायचा. दुसऱ्या परीक्षेत एकतीस गुण मिळाले. त्या दिवशी त्यांनी मालकांना काउंटरवरच सांगितलं, की ते आयुष्यभर करत आले त्याला 'ग्राहक टिकवणं' म्हणतात आणि त्यावर अख्खा धडा आहे. मालक म्हणाले, "बघा, आणि मला वाटायचं मी नुसता लोकांशी नीट वागतोय."

दुसऱ्या वर्षी 'ग्राहकाचं वर्तन' हा विषय आला आणि सोबत प्रकल्प. मॅडमनी सांगितलं, की खऱ्या दुकानात जाऊन एक प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर शोधा. ताई आणि चिमणीची जोडी ठरली. दुकान हाताशीच होतं, आणि प्रश्न ताईंच्या मनात तयार होता. चांगला विक्रेता बोलत असेल तर विक्री वाढते का? उत्तरही त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या बोलण्याची ख्याती अशी, की माणूस काच पुसायचा कपडा घ्यायला आला तरी नवी फ्रेम घेऊन जायचा.

मॅडमनी कागद वाचून मान हलवली. "नुसतं बघून कसं कळणार? एक आठवडा नेहमीसारखं बोला. एक आठवडा गप्प राहा. विचारलं तेवढंच सांगायचं. असं दोनदा करा आणि मग आकडे आणा."

"गप्प?" ताईंनी विचारलं.

"गप्प."

बोलका आठवडा मजेत गेला. मुक्या आठवड्यात मात्र ताईंचे हाल कुत्रा खाईना. एका गोलमटोल चेहऱ्याच्या गृहस्थांनी गोलमटोल फ्रेम नाकावर चढवली, तेव्हा ताईंनी ओठ इतके घट्ट मिटले, की गृहस्थांनीच काळजीनं विचारलं, "बाई, दात दुखतोय का?" कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नोंदी करणारी चिमणी वहीत तोंड खुपसून हसत होती. मालकांनी तर दुसऱ्या दिवशी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, की घरी काही बिनसलंय का.

त्या दुकानाचा एक नियम होता. फ्रेम पसंत पडली नाही, तर पंधरा दिवसांत बदलून मिळे. कोण बदलायला आलं तेही लिहायचं, ही चिमणीची कल्पना. ताईंना त्यात काही राम वाटला नव्हता. दीड महिन्यानंतर दोघी कॉलेजच्या वाचनालयात बसल्या आणि चिमणीनं बेरजा मांडल्या. दोन बोलक्या आठवड्यांत मिळून एकसष्ट फ्रेम गेल्या होत्या, मुक्या आठवड्यांत बावन्न.

"बघ!" ताई म्हणाल्या.

चिमणीनं पान उलटलं. आवाज होता त्याहून बारीक झाला. "काकू, बोलक्या आठवड्यांतल्या चौदा परत आल्या. मुक्या आठवड्यांतल्या तीन."

ताईंनी वही ओढून घेतली आणि बोट ठेवून एकेक रेघ मोजली. चौदा. त्यातले निम्मे चेहरे त्यांना आठवत होते. "घरी गेल्यावर जरा वेगळीच वाटली हो," असं ओशाळून म्हणत ती माणसं आली होती. प्रत्येक वेळी ताईंनी गोड बोलून दुसरी फ्रेम दिली होती आणि वर आपण किती मोठ्या मनाच्या, असं स्वतःशी म्हटलं होतं.

घरी आल्या तेव्हा सासूबाई खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत होत्या. नाकावर तोच जुना चष्मा होता, एक काडी दोऱ्यानं बांधलेली. तीन वर्षांपूर्वी ताईंनी त्यांना दुकानात नेऊन उत्तम सोनेरी फ्रेम करून दिली होती. ती डबीत घालून कपाटात पडून होती. म्हातारीचा हट्ट, असं म्हणून ताईंनी तो विषय सोडून दिला होता. आज त्या समोर बसल्या.

"आई, खरं सांगा. तो सोनेरी चष्मा तुम्हाला आवडला नव्हता ना?"

सासूबाईंनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "नव्हता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलायची थांबलीस कुठे?"

स्वयंपाकघरातून नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबलाही गेला. ताईंना आधी राग आला, मग रडू आलं, आणि डोळे पुसता पुसता हसूही फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढ्या प्रेमानं करत होतीस, मन मोडवेना." दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या. ताई चाळीस मिनिटं हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. सासूबाईंनी जाड काळी फ्रेम निवडली. त्यात त्या निवृत्त न्यायाधीशासारख्या दिसत होत्या आणि स्वतःवर बेहद्द खूश होत्या.

प्रकल्प मांडायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी चिमणीनं हळूच सुचवलं होतं, की परत आलेल्या फ्रेमचं पान गाळलं तरी कुणाला कळणार नाही. ताई म्हणाल्या, "मला कळलंय ना." वर्गासमोर उभं राहून त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं, सासूबाईंसकट. मुलं पोट धरून हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "मग आता काय करणार?"

"आधी एकच प्रश्न विचारणार," ताई म्हणाल्या. "हा चष्मा घालून तुम्ही सगळ्यात जास्त काय करता? मग उत्तर येईपर्यंत थांबणार."

मॅडमनी तेव्हा एक पुरवणीही जोडली, की चार आठवड्यांच्या आकड्यांवर फार मोठा दावा करू नका, गिऱ्हाइकं आठवड्यागणिक वेगळी असतात. ताईंनी तेही अहवालात लिहिलं. त्या अहवालाला वर्गात दुसऱ्या क्रमांकाचे गुण मिळाले.

मालकांना सांगणं जास्त अवघड होतं. इतकी वर्षं त्यांनी ताईंच्या जिभेचं कौतुक केलेलं. त्यांनी वही चाळली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "म्हणजे कारखान्यातून काचेचे कोरे ठोकळे आणून त्या चौदा जणांच्या नव्या फ्रेमसाठी मी पुन्हा काचा घासत होतो, ते तुमच्यामुळे?"

"हो."

"आणि मी म्हणतोय, माझी पाठ का दुखते."

एवढंच. नव्या पद्धतीनं दुकान चालायला महिना-दीड महिना लागला. ताईंची जीभ अधूनमधून सुटायचीच. पण थांबल्यावर लोक काय काय सांगतात, याची त्यांना गोडी लागली. एक बाई रोज आठ तास सुईदोऱ्याचं काम करते, एक आजोबा फक्त नातीचे फोटो बघायला चष्मा लावतात. इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला सांगायला सवडच मिळाली नव्हती.

तिसऱ्या वर्षाअखेर ताई द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झाल्या. पदवीदान समारंभाला नवरा, सासूबाई आणि मालक एका रांगेत बसले होते. चिमणी एका जाहिरात संस्थेत लागली. तिथेही ती तेवढ्याच बारीक आवाजात बोलते आणि आता सगळे पुढे वाकून ऐकतात, असं तिनं फोनवर सांगितलं.

पुढच्या वर्षी मालकांनी इस्पितळासमोर दुसरं दुकान काढलं आणि ते पूर्णपणे ताईंच्या हाती सोपवलं. आरसे कुठे लावायचे, सोबत आलेल्या माणसाला खुर्ची कुठे द्यायची, सगळं त्यांनीच ठरवलं. काउंटरसाठी माणूस हवं होतं. पाच जणी भेटून गेल्या. शेवटची मुलगी बसल्या बसल्या बोलायला लागली. आधीचं दुकान, तिथली गिऱ्हाइकं, कुणाला कुठला रंग खुलतो, ताईंना स्वतःला कुठली फ्रेम शोभेल, सगळं एका दमात. दहा मिनिटांनी ती एकदम थांबली आणि जीभ चावून म्हणाली, "मी फार बोलले का?"

"फारच," ताई म्हणाल्या. "सोमवारी साडेदहाला या."